जुडीतल्या मधल्या लडी

माझ्या थोरल्या बहिणीने कातलेल्या सुताच्या अकरा लडी मी तिच्या पेटीतून काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी माझ्या कच्च्या सुताच्या अकरा लडी ठेवल्या. हे एका दिवसात केले नाही. सात-आठ महिने, दर महिन्याला एक-दोन, असे करत गेलो. पुढे त्या सुताचे लुगडे विणले गेले, ते फाटले, आणि दोष आपल्याच हाताचा आहे असे तिने मनाशी धरले. खरे काय ते मला माहीत होते. मी दहा वर्षे बोललो नाही.

लिहायला बसलो की सबबी आपोआप सुचतात. म्हणून मुद्दाम आधी हे सांगून टाकले.

आमचे घर चौलला, वाडीत. नारळ, पोफळी, मध्ये विहीर आणि तिच्यावर रहाट. घरात मी, माझी बायको आणि आक्का. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे केस काढले आणि तिच्या अंगावर लाल आलवण आले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वर्षभरात आई गेली. मला न्हाऊमाखू घालणे, माझा अभ्यास घेणे, माझ्या तापात उशाशी बसणे, हे सगळे पुढे आक्काने केले. कोणाचा गुन्हा केला हे कळावे म्हणून सांगतो.

वीस-एकवीस सालच्या धामधुमीत आमच्या गावात पाच-सहा चरखे आले. तीन वर्षांत बहुतेक माळ्यावर चढले. आक्काचा चालू राहिला. आमच्या बाजूला कापूस पिकत नाही. मुंबईहून आगबोटीने पेळूंची गाठोडी रेवदंड्याला उतरत. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी सैल वळी. तिच्यातून धागा ओढायचा. समुद्रावरची हवा ह्या कामाला फार वाईट. पेळू दमट झाला की कापसाचे गठ्ठे सुटतात आणि धागा मध्येच फुगतो. आक्काने त्यावर आपला उपाय काढला होता. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पेळू भरून तो डबा ती चुलीच्या वैलावर, राखेच्या उबेला ठेवी आणि लागेल तसा एकेक काढी. खारा वारा सुटला की चरखा पडवीतून उचलून माजघरात नेई. पावसाळ्याचे चार महिने गावात कोणाचे सूत धड निघत नसे. तिचे तेवढे निघे.

ती कातायला बसली की मी कधी कधी नुसता बघत बसे. उजवा हात चाक फिरवी, डावा मागे मागे जाई, अगदी खांद्यापर्यंत. मग एक क्षणभर दोन्ही हात थांबत. त्या थांबण्यात धाग्याला पीळ बसे. मग धागा चातीवर गुंडाळला जाई. ते थांबणे डोळ्यांना जेमतेम दिसे. माझ्या कातण्यात तेच नव्हते.

ती एवढे सूत कशासाठी काते हे घरात सर्वांना माहीत होते. तिला पांढरे लुगडे नेसायचे होते. पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी विधवांनी आलवण टाकले आहे हे तिच्या कानावर आले होते. आमच्याकडे तसे कोणी केले नव्हते. एकदा दोघी नणंदा-भावजया तांदूळ निवडत बसल्या असताना माझी बायको म्हणाली, "वन्सं, एवढं दीड वर्ष कशाला कातत बसायचं? मुंबईच्या खादी भांडारात तयार मिळतं की पांढरं."

"विकतचं नेसले तर थेर म्हणतील," आक्का म्हणाली. "आपल्या हाताने कातलेलं नेसले तर काय म्हणतील? म्हणतील, बाईने कातलं आणि नेसली. म्हणू देत."

"आणि भटजींनी विचारलं तर?"

"सांगू, लाल रंग संपला होता हो घरातला."

दोघी एवढ्या हसल्या की सूप कलंडले. आक्काला असे हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

नऊवारी लुगड्याला चाळीसएक लडी लागतात. सूत गुंडाळायच्या फाळक्यावरून उतरवलेली लड ती पिळून बांधी, दहा झाल्या की त्यांची एक जुडी करी आणि जुन्या आलवणाच्या फडक्यात घट्ट गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवी. एकदा बांधलेली जुडी ती पुन्हा सोडत नसे.

आता माझ्याकडे येतो. मी आमच्या गावच्या कताई मंडळाचा चिटणीस होतो. घरोघर जाऊन लोकांना कातायला लावणे, पेळू वाटणे, सूत गोळा करणे हे माझे काम. सभासदाने दरमहा स्वतः कातलेले दोन हजार वार सूत द्यावे असा तेव्हा नियम होता. लडीला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची. 'स्वतः कातलेले' ह्या शब्दांवर मी लोकांपुढे अर्धा अर्धा तास बोलत असे. कोणी पेन्शनर गृहस्थ सुनेचे सूत आपले म्हणून आणून द्यायचा, तर मी ते परत पाठवत असे.

पण माझे स्वतःचे सूत फार वाईट होते. मी घाईचा माणूस. धागा ओढला की लगेच गुंडाळायची मला घाई. पीळ बसेपर्यंत थांबायचा धीर नाही. कुठे सुतळीएवढे जाड, कुठे केसाएवढे, आणि हात लावला की तुटणारे. तरी मी प्रामाणिकपणे तेच देत होतो, हे खरे आहे. पहिले काही महिने कोणी पाहिले नाही.

मग अलिबागहून सूत तपासायला एक गृहस्थ येऊ लागले. शाळेच्या ओसरीत सगळ्यांच्या लडी मांडल्या होत्या. वीस-पंचवीस मंडळी, त्यात बायकाही होत्या. ते एकेक लड उचलत, धागा काढून दोन बोटांत ताणत आणि शेरा सांगत. माझ्या लडीतला धागा ताणण्याआधीच तुटला. दुसरा काढला, तोही तुटला. त्यांनी चिठ्ठीवरचे नाव वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"चिटणीस, हे सूत की शेवया?"

लोक हसले.

"नाही, शेवया असतील तर दूध-साखर मागवा. उगीच वाया कशाला घालवायच्या?"

मग तर बायकाही पदराआड हसल्या. मीही हसल्यासारखे केले. घरी आलो तेव्हा आक्काने विचारले, "काय म्हणाले रे सुताला?" मी म्हटले, "ठीक आहे म्हणाले."

पुढच्या महिन्यात दोन हजार वार सूत द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, आक्का आणि माझी बायको शेजारी गेल्या असताना मी पेटी उघडली. जुडी सोडली, मधल्या दोन लडी काढल्या, माझ्या दोन घातल्या आणि फडके होते तसे बांधले. वरच्या आणि खालच्या लडी तिच्याच राहतील अशी काळजी घेतली. चोराला लागते तेवढी अक्कल मला होती. मनाशी म्हटले, एवढ्याच वेळी. पुढच्या महिन्यापर्यंत आपला हात सुधारेल, मग चांगल्या दोन लडी कातून परत ठेवू. दर महिन्याला असेच म्हणत गेलो.

तपासनीस पुढच्या खेपेला आले. धागा ताणला, पुन्हा ताणला, नखाने टिचकी मारून पाहिली.

"चिटणीस, कोणाला गुरू केलंत?"

"सराव," मी म्हणालो.

तो शब्द माझ्या तोंडातून किती सहज निघाला! पुढे अलिबागला तालुक्याचा मेळावा झाला तेव्हा समान सुताचा नमुना म्हणून माझ्या नावाची लड फळ्यावर टांगली होती. गावातल्या कोणीतरी ही बातमी माझ्याआधी घरी पोचवली. आक्काने नारळाच्या वड्या केल्या. ताटली माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "मी म्हणत नव्हते? धीर धरलास की जमतं. तुझा हात काही वाईट नव्हता, तुझं डोकं पुढे पळत होतं." मी दोन वड्या खाल्ल्या. तिने तिसरी हातावर ठेवली, तीही खाल्ली.

तिच्या चाळीस लडी पुऱ्या झाल्या त्या वर्षीच्या थंडीत. पेणच्या अलीकडे एका खेड्यात हातसुताचे विणणारा एक म्हातारा साळी होता. मी स्वतः सूत घेऊन गेलो. बैलगाडीने धरमतरपर्यंत, मग तरीने खाडी ओलांडून पुढे. वाटेत दहादा मनात आले की आपल्या अकरा लडी काढून खाडीत टाकाव्यात आणि घरी जाऊन सांगावे, सूत कमी पडले. पण मग आक्का म्हणाली असती, कसे कमी पडेल, मी मोजून बांधले होते.

साळ्याचा माग खड्ड्यात होता. तो कमरेपर्यंत जमिनीत उतरून बसलेला. त्याची बायको बाजूला कांड्यांवर सूत भरत होती. त्याने जुड्या सोडल्या आणि एकेक लड हातात घेऊन, डोळे मिटून चाचपत त्यांचे दोन ढीग केले. मी उभाच होतो.

"भाऊसाहेब, किती जणींनी कातलंय?"

"एकीनेच. माझ्या बहिणीने."

"न्हाय." त्याने डोळे उघडले. "ह्यो बघा, ह्यो हात बाईचा हाय. लई धीराची बाई. आन् ह्यो..." त्याने माझी एक लड दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी. मागं वाघ लागलावता वाटतं त्याच्या."

त्याची बायको कांडीवरून मान न उचलता म्हणाली, "ह्यांना सुतातला मानूस दिसतो. घरातला न्हाय दिसत."

"तू गप गं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी काय म्हनतो, ह्या अकरा बाजूला काढू. त्या बाईला म्हनावं, आनिक अकरा कातून दे. माग काय पळून जात न्हाय, थांबतो मी. ह्या उभ्या धाग्यात घातल्या तर रोज तुटतील. आडव्या धाग्यात घातल्या तर कापडाला पट्टे पडतील, आन् जोर आला की तिथंच फाटंल."

माझी चूक त्याने मला अशी हातात उचलून दाखवली होती. परत न्यायला सांगितले होते. लडी घेऊन घरी यायचे आणि आक्कापुढे ठेवायच्या, एवढेच करायचे होते. मी म्हणालो, "एकाच हाताचं आहे. आहे तसं विणा."

त्याने दोन्ही ढीग पुन्हा एकत्र केले. "मग फाटलं तर माझ्या नावानं शंख करू नका म्हंजे झालं."

"नाही करणार."

हे वचन मात्र मी पाळले. परत येताना स्वतःला समजावत होतो की भाताची खळ दिली की कच्चे सूतही उभे राहते, धुण्याधुण्याने ते बसते, म्हातारे कारागीर उगीच भिववतात. तरीत बसलेल्या माणसांशी मी हवापाण्याच्या गोष्टीही केल्या.

लुगडे आले. काठ नाही, रंग नाही, नुसते पांढरे, किंचित पिवळसर झाक असलेले. आक्काने ते ओटीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून त्याच्यावरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली. मध्ये दोन-तीन ठिकाणी तिचा हात थांबला.

"इथे जरा विरळ आलंय बघ."

मी लुगड्याचे दुसरे टोक सरळ करू लागलो.

"असू दे. माझं सुरुवातीचं सूत असेल. तेव्हा कुठे येत होतं मला एवढं."

ती ते नेसून पहिल्यांदा देवळात पुराण ऐकायला गेली. मुद्दाम सगळ्यांसमोर जायचे, लपूनछपून नाही, असे तिने ठरवले होते. माझी बायको बरोबर होती. पुढचे मी तिच्याकडून ऐकले. बायका आधी कुजबुजल्या, मग एकदोघींनी कापडाला हात लावून पाहिला, एक म्हणाली, छान मऊ आहे हो. आक्काचा चेहरा खुलला होता. पुराण सुरू झाले, सगळ्या बसल्या. आक्काही खाली बसली, आणि बसताना कासोट्याला ताण आला तसे लुगडे पाठीमागून आडवे फाटले. आवाज झाला. पुराणिकबुवा क्षणभर थांबले. तिने हात मागे नेला तर बोटे आरपार गेली.

कोणी हसले नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "देवाच्या पुढ्यातच गेलं गं बाई. आणखी काय सांगायचं त्याने?"

कोणीतरी धाबळी दिली. ती पांघरून, देवळाच्या भिंतीला पाठ लावून आक्का बाहेर पडली आणि कुंपणाकुंपणाने मागल्या दाराने घरी आली. मी वाडीत पाटाचे पाणी पोफळींना वळवत होतो. संध्याकाळी पाय धुऊन आत आलो तर ती आलवण नेसून चुलीपाशी बसली होती.

"लुगडं?" मी विचारले. मला कळले होते तरी विचारले.

"गेलं." मग म्हणाली, "विणणाऱ्याला बोल लावू नकोस हं. पाहिलं मी फाटलेलं. सुतातच पीळ नाही. मीच सोडला असेन पीळ. कसा सोडला देव जाणे."

तेव्हा मी जे बोललो ते शब्द मला पाठ आहेत. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्या लुगड्याचे जे भाग धड होते त्यांची गाळणी केली. ते तुकडे फार टिकले. त्यांतून ताक गाळताना मी कितीदा पाहिले आहे. तिच्या सुताचे होते, टिकणारच.

ती चरखा लगेच सोडून उठली असती तर एक वेळ मला बरे वाटले असते. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कातायला बसली. आपल्या हाताला काय झाले हे तिला शोधून काढायचे होते. धागा ओढायची, थांबायची, आणि थांबल्यावर भीतीने आणखी थांबायची. पीळ जास्त होऊन धागा तुटायचा. मग घाबरून लवकर सोडायची, तर कच्चा राहायचा. चार-पाच दिवस हे चालले. मी पडवीतून ये-जा करत होतो. दर खेपेला वाटे, आता सांगावे; दर खेपेला मी तसाच वाडीत निघून जाई. शेवटी तिने चाकावरची माळ, म्हणजे चाती फिरवणारी दोरी, उतरवली, गुंडाळली आणि चातीला बांधून ठेवली.

पुढच्या महिन्यात मंडळाला एक चरखा कमी पडत होता. मी तिला विचारले. होय, मीच विचारले. ती म्हणाली, "ने की. चालत्या हाताला दे."

मी पुन्हा माझे कच्चे सूत देऊ लागलो. तपासनिसांची बदली झाली होती. नंतर नियमही ढिला झाला आणि कोणी विचारीनासे झाले. ज्यासाठी चोरी केली ते सगळे वर्षाच्या आत विरून गेले. आक्का तेवढी आलवणात राहिली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मी तुरुंगात गेलो. पाच महिने. तिथे आम्हाला टकळी चालवायची परवानगी होती. खानदेशातले एक वयस्कर शेतकरी माझ्या शेजारी होते. माझे कातणे दोन दिवस त्यांनी निमूटपणे पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, कशाची घाई? धाग्याच्या शेवटाला सुटका बांधली आहे का तुमच्या?" त्यांनी माझे मनगट धरून मला थांबायला लावले. रोज धरले. महिनाभरात मला ते थांबणे आले. आणि जेव्हा आले तेव्हा कळले की एका लडीला किती वेळा थांबावे लागते. तोपर्यंत मी अकरा लडी नेल्या हे मला माहीत होते. अकरा लडी म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्या बराकीत मी कातलेल्या सुताचे मला ओझे झाले. तरी कातत होतो, कारण तिथे दुसरे काय करणार?

सुटून आलो तेव्हा गावाने हार घातला. मला बोलायला लावले. मी सत्यावर बोललो. आक्का बायकांत शेवटी उभी होती.

घरी तिने माझी वळकटी सोडली आणि सुताच्या लडी तिच्या हाताला लागल्या. तिने धागा काढून ताणला, कानाशी नेऊन टिचकी मारली. "अलिबागला टांगलं होतं ते असंच असेल, नाही?" ती म्हणाली. "बघ, तुझा हात टिकला. माझाच मेला गेला."

तेव्हाही मी बोललो नाही. त्याला तर काहीच कारण नव्हते. मंडळ राहिले नव्हते, तपासनीस नव्हते, कोणी मला हसणार नव्हते. फक्त एवढेच की आता सांगितले तर ती विचारणार, आधी का नाही सांगितलंस. आणि जितकी वर्षे जात होती तितके ह्या प्रश्नाचे उत्तर अवघड होत होते. पुढची सहा वर्षे मी ह्याच हिशेबात काढली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी उजव्या, मग डाव्या. पोथी सुटली, मग निवडणे-टिपणे सुटले. मी मनात म्हणायचो, आता सांगून काय उपयोग, आता तिला कातता थोडेच येणार आहे? असाही विचार माणूस करू शकतो.

गेल्या कार्तिकात शेजारची नवी सून आमच्याकडे आली. तिने देवाला लाखभर वाती वाहण्याचे व्रत धरले होते. मी ओटीवर होतो, त्या दोघी माजघरात.

"आक्का, मला वाती वळायला हात लावाल का? सासूबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी वात गावात कोणाची नसायची. आणि त्याला डोळे कशाला लागतात?"

"नाही गं बाई. दुसऱ्या कोणाला बघ."

"असं काय? थोड्या वळा ना."

"माझ्या हातची वात देवाला चालत नाही."

"अगंबाई! असं कोण म्हणालं?"

"त्यानेच सांगितलं की. सगळ्यांदेखत." आणि ती हसली. ती सून कावरीबावरी होऊन उठली असावी. बांगड्यांचा आवाज दारापर्यंत गेला.

मी आत डोकावलो. आक्काने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

मी बायकोला जाऊन विचारले, "आक्का देवाच्या वाती वळत नाही?"

ती चुलीतले लाकूड पुढे सारत होती. "दहा वर्षं झाली. तुम्हाला आत्ता दिसलं?"

एवढे ऐकूनही मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का मागल्या अंगणात झावळीचे हीर काढत बसली होती, केरसुणीसाठी. हे काम तिला चाचपून करता येत असे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितले. शेवया म्हणून हसले तिथपासून सांगितले. पेटी, जुडी, साळी काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळे. काही गाळले नाही. ती ऐकताना हीर काढत राहिली, मग सुरी खाली ठेवली.

"किती होत्या?"

"अकरा."

"वरच्या?"

"मधल्या."

"म्हणजे मला दिसू नयेत म्हणून." तिने मांडीवरचे हीर बाजूला सारले. "आणि त्या साळ्याने माझ्याकडून आणखी आणायला सांगितलं होतं?"

"हो."

"मी दिलं असतं रे. पावसाच्या आत दिलं असतं कातून. तुलाही हवं होतं तर दिलं असतं. मागायचंस की."

मला वर बघवेना. तिने आपले हात वळवून तळवे डोळ्यांजवळ नेले, खूप जवळ, जसे ती आता सगळेच नेते. तिला काय दिसले असेल ते मला माहीत नाही. बोटांची टोके अंगठ्याने चाचपली, एकेक करून.

"मग मी इतकी वर्षं कातलं का नाही?" ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, त्या हातांशी बोलल्यासारखी. मग पुन्हा म्हणाली, ह्या वेळी माझ्याकडे तोंड करून, "सांग ना. का नाही कातलं मी?"

ह्याचे उत्तर मी होतो. मी पुढे सरकून तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मी म्हणालो, "आक्का, तुझ्या सुतात कधीच खोट नव्हती. लुगडं माझ्या सुतामुळे फाटलं. देवाने तुला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं मी होतं, आणि मी दहा वर्षं तोंड मिटून बसलो. माझं चुकलं. मला क्षमा कर."